ओडेतची मुलगी

प्रिय ओडेत,

तू माझी पत्रं न उघडता परत पाठवतेस, म्हणून हे मी टाकणारच नाही.

सिनेमात काम करणं सोडून मी पुस्तक लिहिलं आणि तू सतरा वर्षांची असताना अनाथाश्रमात ठेवलेली तुझी मुलगी, तुला न विचारता, त्यात घातली. काल नान्त शहरातल्या पुस्तकांच्या दुकानात मी वाचकांना सह्या देत होते. चाळिशीची एक बाई पुढे आली. हनुवटी हुबेहूब तुझी.

"आश्रम तोच, तारीखही तीच. ही मुलगी मी आहे. माझी आई कुठे राहते?"

तुला आणखी किती उघडं पाडू? मी म्हटलं, "अहो, ते सगळं कल्पित आहे."

"पडद्यावर यापेक्षा चांगलं खोटं बोलायचात, बाई."

पुस्तक तिथेच टाकून ती निघून गेली. मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही. तिचं नावही विचारलं नाही गं.

तुझी धाकटी बहीण,
मिरेय