लाल दशक, निळा एकक

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या शिक्षण कचेरीतून निकाल आला. माझ्या दुसरीच्या वर्गातली एक्केचाळीस पोरं पास, एक नापास. नापास झाली ती खारूताई. पुढच्या दोन दातांमुळे हे नाव तिला मीच ठेवलंय. तिला पुन्हा दुसरीतच बसवा, असं तुझ्या सहीचं पत्र सोबत आहे. वाचून माझं डोकं फिरलं.

तिचा पेपर मी पाहिला. एकही उत्तर चुकलेलं नाही. तू लिहिलेल्या सरावाच्या वहीत दशक लाल पेन्सिलीने लिहायचा आणि एकक निळ्या. तिने सगळं साध्या शिसपेन्सिलीने लिहिलं, म्हणून शून्य. असं का केलंस विचारलं, तर म्हणाली की कोण कुठल्या जागेवर बसलाय ते दिसतंय, मग रंगवायचं कशाला.

वर्षाच्या सुरुवातीला माझ्या दशक शिकवायच्या आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड पसारा म्हणून तू वर्गाबाहेर काढायला लावलेस, तेव्हा मी गप्प बसले. आता बसणार नाही. निकाल बदल.

चिमीला पापा. लोभ आहेच, सध्या त्याची परीक्षा घेऊ नकोस.

तुझी अक्का

८ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकीट फोडतानाच हाताला चटका बसला. पाढे चुकले की तू माझा कान पिळायचीस, तोच राग हा. खोकला कमी आहे का ते मात्र लिहिलं नाहीस.

अक्का, तुझ्यासाठी नियम वाकवला तर उद्या बाकीच्या शाळा माझ्या डोक्यावर मिरे वाटतील. रंगांमुळे निकाल किती वाढला ते बघ की. आमची चिमीही दुसरीतच, तिला पैकीच्या पैकी. दहा-दहा काड्या मोजून जुड्या बांधत बसायचे दिवस गेले. आणि एक मुलगी वर्षभर मागे राहिली तर काही आभाळ कोसळत नाही.

लोभ असू दे, कान सोडून.

तुझा धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

आभाळ कोणावर कोसळतं ते खुर्चीत बसून दिसत नाही. खारूताई रोज रडत शाळेत येते. मला येत नाही, असं ती आता स्वतःच म्हणायला लागली आहे. हे तिला तू शिकवलंस.

काल मी फळ्यावर सत्तेचाळीस लिहिले. चार निळ्या खडूने, सात लाल. एक्केचाळीस पोरांनी एका सुरात चौऱ्याहत्तर वाचलं. मग तेच पांढऱ्या खडूने लिहिलं, तर पहिल्या बाकावरून विचारणा झाली की बाई, रंग द्यायचे राहिले का. एकटी खारूताई उठली. दप्तरातून काड्या काढल्या, चार जुड्या आणि सात सुट्या माझ्या टेबलावर मांडल्या. माझ्या टाकून दिलेल्या काड्या तिने कचऱ्याच्या डब्यातून उचलून वर्षभर जपल्या होत्या, धाकट्या. मला तिथेच भरून आलं, आणि मग तुझा असा संताप आला की विचारू नकोस.

हेच चिमीला करायला लाव. मग मला नियम सांग. लोभाचं नंतर बघू.

अक्का

१७ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी चिमीला बसवलं. रंग उलटे केले, तर तिनेही चौऱ्याहत्तर वाचलं, तेही ऐटीत. मग सोळा बटणं ठेवली, काळ्या शाईने १६ लिहिले आणि यातला हा एक म्हणजे किती बटणं ते दाखव म्हटलं. तिने एक बटण पुढे सरकवलं. चिमीच्या आईने वही कोणी लिहिली होती म्हणून विचारलं. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

खारूताईला आज पास केलं आहे. ते पत्र फाडून टाक आणि आता राग सोड. पुढच्या वर्षीच्या वह्या छापून तयार आहेत, त्याला माझा इलाज नाही.

लोभ पूर्वीइतका मिळावा.

धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

खारूताईच्या आईला निरोप दिला. पण पास केलं असं उपकार केल्यासारखं लिहू नकोस. ती पासच होती.

राग सोड म्हणतोस, कसा सोडू? एक निकाल बदललास आणि हात झटकलेस. माझी बाकीची पोरं तिसरीत गेली की शतक येईल. त्याला कुठला रंग देणार आहेस? पोरं तिथे रडकुंडीला येतील आणि कोणीतरी त्यांना ढ म्हणेल. छापलेल्या वह्या तुझ्याच टेबलावर पडू देत. माझ्या वर्गात उद्यापासून काड्या येणार. परवानगी मागत नाही, कळवते आहे.

नापासांची यादी नव्याने केली आहे. माझ्या वर्गातली एक्केचाळीस, बेचाळिसावी चिमी. शनिवारी तिला घेऊन ये, खारूताई शिकवणार आहे. त्रेचाळिसावा तू. मागच्या बाकावर जागा ठेवली आहे, दहा काड्या आणि एक रबरबँड घेऊन बस.

लोभ त्याच्या जागेवर आहे, काळजी नसावी.

तुझी अक्का