हलकं काम

सोमवार
आले एकदाची! मावशीने दारातच मालकांना सांगून टाकलं, पोरगी कामाला वाघ आहे, फक्त तोंड उघडत नाही. मालक म्हणाले, बरंच की, काम हलकंच आहे. झाडू, भांडी, आजारी बायकोला भरवायचं. मला वेगळी खोली मिळाली, खिडकीसकट! शाळेपेक्षा लाख पटीने बरं.

मालक म्हणजे नमुना. शास्त्रज्ञ म्हणे! म्हणतात, वजन काय कुणाच्या बापाचं नसतं, एकातून काढून दुसऱ्यात ठेवता येतं; उद्या जहाजं, पूल, सगळं फुंकरीने उडेल. मी मान हलवली. मनात म्हटलं, आधी पायजम्याची नाडी नीट बांधा.

मंगळवार
मालकीणबाई जमिनीवर गादीत पडून असतात. पलंग मोडला म्हणे. अंगाने काडी, पण त्यांची कूस बदलायला गेले तर त्यांचा हातसुद्धा मला उचलेना. नुसती नाटकं. मालकांनी तळघरातलं यंत्र लावलं आणि लोखंडी कपाट एका बोटाने उचललं. रिकामं असणार. वर मलाच म्हणतात, टाळ्या वाजव!

गुरुवार
बाई चक्क उठल्या. टणाटण जिना चढल्या. मग माझा गाल कुरवाळून रडायला लागल्या, म्हणाल्या, माफ कर गं पोरी, मला आणखी झेपत नव्हतं. म्हटलं, डोक्यावर परिणाम झालाय. भांडी घासून उठताना माझे गुडघे करकरले. चप्पल तुटली.

शुक्रवार
स्टूल माझ्याखाली मोडलं. बादली जड नाही, माझा हातच जड आहे. मालक खूश. म्हणे, वजन संपत नसतं, ठेवायला कुणीतरी लागतंच. कपाट माझ्यात ठेवलंय! मेला गाढव. तोंडावर बोलायला हवं होतं. मी मान हलवली.

शनिवार
बाईंच्याच गादीत पडलेय. आता त्या मला भरवतात, माझ्याकडे न बघता. भित्री कुठली. बोटंच तेवढी चालतात. उद्या मालक अख्खा वरचा मजला हलका करणार— माझ्यात—
उद्या मावशी येणार. सगळं सांगेन. ओरडून सांगेन.

रविवार
मावशी दारात. आवाज ओळखला—
मालक सांगतायत, मजेत आहे, झोपलीय.
मावशी हाक मारतेय. ओ देते—
छाती—
हसतेय ती. म्हणते, लाजाळू मेली, आमच्याशीसुद्धा बोलायची नाही.
वर यंत्र— नाही, खाली— सुरू—
चपलांचा आवाज. निघाली—
मावशी
जीभ उच