अर्धी काकडी देवाची

५ सप्टेंबर
चुका होतील लिहिताना. आठवीतून शाळा सुटली, आणि मोबाईलवर एक एक अक्षर शोधावं लागतं, लय वेळ जातो. कोणी वाचलं तर हसू नका.
वेलाला पहिली काकडी धरली. आमच्यात नवीन काय पण आलं तर आधी गावदेवाला, मग आपण. रविवारी पूजा. तोवर राखायचं काम माझं. बारकी बहीण सुमी, पाच वर्षांची, सारखी विचारते.
"ताई, काकडी देवानं लावली का?"
नाय, आईनं.
"मग आई आधी का नाय खात?"


७ सप्टें.
काकडी गेली! देठ तेवढा वेलावर. आई माझ्यावरच ओरडली. "सोळा वर्षांची घोडी झालीस, रविवारपर्यंत धीर नाय?" मी मान खाली घातली. सुमीच्या तोंडाला काकडीचा वास येत होता. तरी बोलले नाय. मी कोणापुढे बोलतच नाय.

८
चांदी आजारी. माझी बकरी, बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. पाला तोंडात घेत नाय, पोट फुगलंय. आजी बोलली, "देवाच्या आधी खाल्लं ना. भोगा आता."
चांदीला काय झालं तर...

९
आजीनं भगतबाबांना बोलावलं. देव का कोपला ते त्यांनी सुपात तांदूळ टाकून बघितलं. "घरातल्यानंच खाल्लंय." सगळे माझ्याकडे बघायला लागले.
तेवढ्यात सुमी मधे येऊन उभी. "मी खाल्ली. ताईनं नाय. भूक लागलेली."
आईनं हात उगारला. ही हलली पण नाय. उलट भगतबाबांनाच बोलते, "मी खाल्ली तर माझं पोट दुखायला पाहिजे ना? बकरीचं का? देवाला दिसलं नाय का कोण खातंय?"
भगतबाबांनी सूप खाली ठेवलं. बोलले, "एवढी वर्षं दाणे बघतो, पोरी. हे मला कोणी विचारलं नाय."
सुमी पळत गेली, भाताच्या कणगीच्या मागून फडकं घेऊन आली. आत अर्धी काकडी. सुकलेली, दातांच्या खुणा. "ही देवाची ठेवलेली. मला सगळीच पाहिजे होती तरी."
आईचा हात खाली आला.
भगतबाबांनी तीच उष्टी काकडी हिच्याच हातानं देवापुढे ठेवली.
एवढीशी पोर. सगळ्यांपुढे. मला कधी जमेल?

१०
सकाळी देवाकडे जाऊन बघितलं. काकडी नव्हती, मुंग्या तेवढ्या. पाखरानं नेली का देवानं, मी काय सांगू. भगतबाबांनी दिलेला झाडपाला वाटून चांदीला पाजला. उठली नाय. कान हलवला एकदा.
सुमी तिच्या कानात बोलली, "देवाचं पोट भरलं. आता तू खा." हातात पाला धरून बसलीय तशीच. मी पण बसले बाजूला.

आत्ता फोन आला, जामसर गावच्या मावशीला जुळं झालं. दोन्ही मुली. दोघी पण सुमीसारख्या बोलणाऱ्या होऊ देत.