छबीचा शनिवार

रवि., ९ जून
धाकट्या बहिणीला, छबीला, पेणला वसतिगृहावर सोडून आले. तिथल्या बाईंनी आज स्पष्टच सांगितलं. छबीला वीस वर्षं पूर्ण झाली, विशेष मुलांच्या शाळेत आता फार दिवस ठेवता येणार नाही. हमरापूरच्या वंदनाकाकी तिला ठेवून घ्यायला तयार आहेत. त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात शाळेतल्या मोठ्या मुली दिवसा काम शिकायला जातात. राहणं-जेवण त्यांच्या घरी, वर पगार. अट एकच, दर शनिवारी छबीला एकटीने रोह्याला घरी येता आलं पाहिजे.
मी म्हटलं, बघू.
ती शाळेनंतर माझ्याजवळ राहणार, हे ठरलेलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं.

बुध., १२ जून
साप्ताहिक सुट्टी. न कळवता हमरापूरला गेले. छबी पाटावर बसून मूर्तीचा पितांबर रंगवत होती. कडेच्या बाहेर रंग नाही. मी ब्रश धरायला शिकवलं तेव्हा तिच्या बोटांवर खुणा केल्या होत्या, कागदावर चौकोन आखले होते. जमलं नव्हतं.
काकींना विचारलं, कसं शिकवलंत?
"शिकवलं कुठं? बाजूला बसवली. बघून बघून आलं."
शेजारची बाई छबीला म्हणाली, "काय गो, तुझ्या बाप्पाला कावीळ झाली काय?"
"व्हय. तुझ्याकडं बघून झाली."
सगळ्याजणी हसल्या. छबी असं बोलते हे मला माहीत नव्हतं. घरी ती "हो" म्हणते.
मला पाहून तिने हात केला आणि पुन्हा ब्रश उचलला. मी निघाले तेव्हा रडली नाही. वसतिगृहाच्या दारात दर रविवारी रडते.

सोम., १७ जून
एकटीने घरी येण्यासाठी छबीला कार्ड तयार केलं. पेणचा फलाट, बसची पाटी, वाटेतल्या खुणा, सगळं क्रमाने, चित्रांसकट. लॅमिनेट केलं. काकींना फोनवर वाचून दाखवलं.
"चांगलं हाय. पण फलाट बदलला तर? मी तिला विचारायला शिकवतेय. कंडक्टरला विचार, बाईमाणसाला विचार."
छबीला कोणाला काही विचारावं लागू नये, यासाठी मी आजवर सगळं केलं. काकींचा पहिला धडाच विचारण्याचा. आणि तो तिला आवडतो म्हणे. दिसेल त्याला विचारत सुटते.
कंपनीत चहाला पुन्हा माझ्या लग्नाचा विषय. "छबीकडे कोण बघणार?" एवढं म्हटलं की लोक गप्प होतात. ते उत्तरच उरलं नाही तर...

शनि., २२ जून
छबीने एकटीने येण्याची पहिली चाचणी. मी रोहा स्टँडवर थांबायचं असं ठरलं होतं. मी पेणला गेले. पेपरवाल्याच्या आड उभी राहिले.
छबी टमटममधून उतरली. काकी बऱ्याच मागे. छबी गर्दीतून थेट कंडक्टरकडे गेली. "रोह्याला जाते ना ही?" तो म्हणाला, "जाते. चढ, पुढं बस." कार्ड तिने बाहेरही काढलं नाही.
तिचा पाय पायरीवर होता. तेव्हा मी पुढे झाले. पिशवी नीट धर, एवढंच सांगायचं होतं.
तिने मला पाहिलं. खाली उतरली. पिशवी माझ्या हातात दिली आणि माझी ओढणी धरली. बस गेली.
काकी जवळ आल्या. "दिसली नसतीस तर चढली असती गो."
मी म्हटलं, अजून तयार नाही ती.
बोलताना मला बरं वाटत होतं.

रवि., २३ जून
आई भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला जमलं नाय, तुझा जीव थंड झाला ना?"
मी नाही म्हटलं.
"बरं."
छबी जेवताना दोनदा म्हणाली, "तू कशाला आलीस?" मी सांगितलं, काळजी वाटली. तिला पटलं नाही. संध्याकाळी वसतिगृहाच्या दारात रडली नाही.

गुरु., ४ जुलै
काकींचा फोन. परवा पुन्हा पाठवते म्हणाल्या. सीझनला हात कमी पडतायत, या वेळी जमलं नाही तर दुसरी मुलगी बघावी लागेल. मग फोन छबीला दिला.
"ताई, तू पेणला येऊ नको."
"रोहा स्टँडवर येऊ?"
विचार करून म्हणाली, "नाय. मी घरी येतेय. आईला सांग."
सुपरवायझरकडे जाऊन शनिवारची सेकंड शिफ्ट मागून घेतली. फर्स्ट असती तर सुटल्यावर मी स्टँडवर गेले असते.

शनि., ६ जुलै
कंपनीची कंट्रोल रूम. मोबाइल गेटवर जमा. यंत्रांची रीडिंग घेऊन झाली, सगळं मर्यादेत.
बस केव्हाच रोह्याला पोहोचली असेल. छबी तिच्यात होती की नाही, ते आईला माहीत. गेटवर निरोप ठेवायला आईला सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं.
बस सुटायच्या वेळेला मनात आलं होतं, चुकू दे. नंतर तिच्या वाटेवरच्या नागोठण्याकडे आभाळ काळं दिसलं, आणि छबीने छत्री घेतली असेल का, हे काही डोक्यातून जाईना.
आता वाटतं, ती घरी असावी. कोणाकोणाला विचारलं ते आईला सांगत असावी. शिफ्ट सुटायला अजून वेळ आहे.