मावशीच्या शेजारची खोली

३ मार्च
संकल्प : राजाच्या वाढदिवसाच्या आत आईच्या राहण्याचा प्रश्न सोडवणे. म्हणजे २७ एप्रिल, देशभर सुट्टी. भरपूर वेळ आहे.

आई शहाऐंशीची. परवा जिन्याच्या चौथ्या पायरीवरून घसरली. हाड शाबूत, धीर मोडला. धाकटी बहीण नीन्के ग्रोनिंगनहून फोनवर म्हणाली, दादा, आता हिला घरात एकटी ठेवणं बरं नाही. मी म्हटलं, एकटी कुठे, मी आहे ना. घटस्फोटानंतर तात्पुरता इथे राहायला आलो त्याला अकरा वर्षं झाली. परिस्थिती मला जवळून ठाऊक आहे. ती म्हणाली, हो, तुला सूप जवळून मिळतं. दुर्लक्ष केलं.

आई म्हणते, शोधायचंय काय? मला बाउक्येकडे जायचंय. बाउक्ये मावशी तिची थोरली बहीण, नव्वदीची, चार वर्षं बांधाजवळच्या वृद्धाश्रमात. हृदय थकलंय. तिच्या शेजारचे गृहस्थ जूनमध्ये मुलाच्या गावी हलणार आहेत, ही बातमी तिनंच पुरवली. भिंतीवर टकटक केली की ती उठेल, असं आई म्हणाली, आणि लहान मुलीसारखी हसली.

दोन म्हाताऱ्यांनी फोनवर ठरवलं याला निर्णय म्हणत नाहीत. एक्सेलमध्ये तक्ता केला. चौतीस निकष.

११ मार्च
पहिला वृद्धाश्रम पाहिला. दरवाजात माशांची टाकी, मासे आजारी. कॉफी कोमट. दहापैकी साडेपाच.

दुसरा. लिफ्ट हळू. सहा.

बांधाजवळचा. मावशी खिडकीशी विणत बसली होती. म्हणाली, आलास परीक्षक? किती मार्क देणार मला? वारा फार, झाडं कमी. सहा पूर्णांक आठ. (आमच्याकडे आठ मिळाले की माणूस लाजतो, हे लक्षात घ्यावं.)

निघताना मावशीनं हात धरला. म्हणाली, वीब्रेन, लवकर कर रे. मी म्हटलं, घाईनं केलेली कामं दोनदा करावी लागतात. ती म्हणाली, मला दुसऱ्यांदा वेळ नाही. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, नाट्यमय.

१९ मार्च
वृद्धाश्रमात जागा हवी तर आधी सरकारी मंजुरी. २४ तारखेला तपासनीस बाई घरी येणार. आईला काय जमतं, काय नाही ते बघणार.

तयारी जोरात. खिडक्या आतून-बाहेरून धुतल्या. पडदे इस्त्रीला. आईची उजळणी घेतली : आज वार कोणता, महिना कोणता, राजा कोण. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर.

नीन्केनं फोनवर आरडाओरडा केला. दादा, काहीही आवरू नकोस! ती कशी जगते ते त्या बाईला दिसू दे! मी शांतपणे सांगितलं, आपल्या घरात पाहुणा अस्वच्छ फरशीवर कधी उभा राहिलेला नाही, आणि सरकारसमोर तर नाहीच. आईनं मान डोलावली. या एका बाबतीत आमचं दोघांचं एकमत आहे.

२४ मार्च, दुपार
विजय.

आई निळ्या स्कर्टमध्ये, केस सेट केलेले. चाकांचा वॉकर मी शेडमध्ये ठेवला. चाकांना चिखल होता. आईनं स्वतः कॉफी ओतली. एकेक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला, अगदी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे. बाईंनी विचारलं, आंघोळ जमते? (बुधवारी शेजारीण येऊन घालते.) आईनं माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, हो, जमते की. जिना? वर-खाली करते. स्वयंपाक? इथे मी मध्ये पडलो : हिच्या वाटाण्याच्या सूपला गल्लीत तोड नाही! बाई म्हणाल्या, कौतुक आहे तुमचं. आई लाजली.

बाई गेल्यावर आई खुर्चीत तशीच बसून राहिली. बूट काढायलाही वाकता येईना. मी काढले.

माझ्या मते दहापैकी नऊ.

१६ एप्रिल
पत्र आलं. अर्ज नामंजूर. आपल्या मातोश्री वयाच्या मानानं उत्तम स्वावलंबी असून आठवड्याला दोन तास घरकामाची मदत पुरेशी आहे.

एका अर्थानं हे प्रशस्तिपत्रकच. आईला तसं सांगितलं. तिनं पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, मग बाउक्येकडे कधी?

संकल्प : हरकत घेणे. मुदत सहा आठवडे. भरपूर.

२ मे
राजाचा वाढदिवस होऊन गेला. मसुदा चालू आहे. पहिला चौदा पानांचा होता. त्यात खरं लिहावं लागतं : बटणं लागत नाहीत, गॅस चालू राहतो, रात्री चादर बदलावी लागते. आईनं चष्मा लावून वाचलं. म्हणाली, एवढी वाईट झालेय का रे मी?

चादरीचं खोडलं. मग गॅसचं. आता दोन पानं उरली आहेत आणि भाषा फार सुंदर झाली आहे.

२३ मे
नीन्के येऊन धडकली. मसुदा वाचला, म्हणाली, हे हरकतपत्र आहे की लग्नाची जाहिरात? स्वतः अर्धं पान लिहून पाठवलं. शिवाय तंबी : बाई पुन्हा येतील तेव्हा तू घरात थांबायचं नाहीस.

९ जून
बाई आल्या. नीन्केनं मला सायकलवर बांधाकडे पिटाळलं होतं. दोन तास मेंढ्या पाहिल्या. परत आलो तर सिंकमध्ये भांडी, हॉलमध्ये चिखलाचा वॉकर, आणि आई रडून लाल. नीन्के म्हणाली, तिनं खरं सांगितलं, दादा. एवढंच करायचं होतं.

घरात असा पसारा पाहिला की माणसाला काम सुचत नाही.

२६ जून
मंजुरी आली. दुपारी बांधाजवळच्या वृद्धाश्रमाचा फोनही आला. मावशीच्या शेजारची खोली रिकामी झाली. तीन दिवसांत कळवा. आई लगेच कपाट उघडून उभी राहिली.

पण याच आठवड्यात माझ्या तक्त्यात एका नव्या वृद्धाश्रमाची भर पडली आहे. न बघता सात पूर्णांक दोन! शिवाय जुलैत सोलायच्या शेंगा येतात. ते काम आईशिवाय होत नाही. आठ दिवस मागून घेतले. फोनवरची मुलगी म्हणाली, मी विचारून बघते. म्हणजे हो.

नीन्के म्हणाली, दादा, तू आईसाठी घर शोधतोयस की आईला घरापासून लपवतोयस?

४ जुलै
नवीन वृद्धाश्रम पाहिला. बाग उत्तम. फक्त प्रतीक्षायादी दोन वर्षांची.

परत येऊन बांधाजवळ फोन केला. खोली परवाच दुसऱ्यांना गेली. ‘विचारून बघते’ म्हणजे हो नव्हतं. लोकांनी स्पष्ट बोलायला हवं.

आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. सोलत राहिली. मग म्हणाली, बाउक्येला फोन तू कर. मला नाही सांगता येणार.

मी केला. मावशी म्हणाली, बरं.

१८ ऑगस्ट
बाउक्ये मावशी पहाटे गेली. झोपेत.

दफनानंतर कॉफी आणि केक. आईनं केक घेतला नाही. लोक म्हणत होते, चांगलं मरण आलं, त्रास नाही झाला. आई म्हणाली, तिला एकटीला आलं.

३ सप्टेंबर
बांधाजवळचा फोन. एक खोली रिकामी आहे. कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. या वेळी लगेच हो म्हटलं.

२१ सप्टेंबर
आईला सोडलं. खिडकीखाली, मावशी विणत बसायची तिथे, गालिच्यात खुर्चीच्या पायांचे चार खड्डे होते. आई ते बघत उभी राहिली, मग आपली खुर्ची त्यांच्या शेजारी ठेवून बसली. बोटांवर मोजत होती : मार्च, एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्टचे थोडे. मला वाटलं आता ती मला बोलेल. ती म्हणाली, तू पुष्कळ खटपट केलीस.

प्रवेशाच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता : ‘हेच ठिकाण का निवडलंत?’ त्यावर माझ्याकडे सहा महिन्यांचं साहित्य आहे. पेन काढलं. आईला विचारलं, काय लिहू?

ती म्हणाली, लिही, जागा रिकामी झाली म्हणून.

तेवढंच लिहिलं. खाली दोन ओळी तशाच राहिल्या.