अजून बावीस दिवस

पेडणे, मंगळवार

प्रिय गुरुदास,

थोरली बहीण म्हणून आशीर्वाद देते आणि लगेच भांडायला बसते. काल संध्याकाळी शेजारचा सगुण तुला भेटून परस्पर माझ्याकडे आला आणि म्हणाला, गुरुदास शनिवारी सही करून घरी येणार. डॉक्टर सोडत नाहीत, पण स्वतःच्या जबाबदारीवर लिहून दिलं की सोडावंच लागतं, हे शेजारच्या खाटेवरच्या कुणा शहाण्याने तुला शिकवलंय म्हणे. वॉर्डात फोन केला तर तू येत नाहीस, भेटायला आले तर डोळे मिटून पडतोस. मग पत्र नको लिहू तर काय करू? उद्या सकाळच्या बसने सगुणच घेऊन येईल. तू शेवटपर्यंत वाचेस्तोवर समोरून हलायचं नाही, असा यशोदेलाही निरोप दिलाय. बायको म्हणून तिचं ऐकत नाहीस, निदान पहारेकरी म्हणून तरी ऐक.

तुला बरं वाटतंय, ते मला कळतं. ताप नाही, डोकं ठणकत नाही, हॉस्पिटलची पेज नको आणि यशोदेकडे बांगड्याचं तिखलं मागतोस. पण महिन्यापूर्वीचं तुला काही आठवत नाही, मला सगळं आठवतं. तुझ्याबरोबरच्या भिकाजीने तुझा ट्रक सुर्लेला खाणीवर ठेवून तुला चोपड्याला घरी आणलं तेव्हा तू ओकत होतास आणि उजेड सोसत नव्हता. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बोट करून यशोदेला म्हणालास, ही भाटकारीण कोण आलीय, हिला खुर्ची द्या. मला जमीनदारीण केलंस म्हणून सगळे हसले, मीसुद्धा हसले. दुपारी तुझा डावा हात उचलेना, तेव्हा आम्ही गाडी शोधायला धावलो.

कानातला पू हाड पोखरून मेंदूत शिरला होता. कवटीला भोक पाडून तो काढला. तपासायला पाठवला तर नेहमीच्या एकाही औषधाला ते जंतू दाद देईनात. पहिल्या आठवड्यात दिलेली इंजेक्शनं सगळी पाण्यात गेली. शेवटी एक लागू पडलं. ते गोळीत मिळत नाही, शिरेतूनच द्यावं लागतं, तेही बेचाळीस दिवस. आज विसावा दिवस. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी मला बसवून समजावलं की मेंदूत औषध पोचणंच मुश्कील असतं, वरून माणूस बरा दिसला तरी आत जंतू उरतात. मध्येच सोडलं तर पुन्हा पू धरेल, आणि तेव्हा हेही औषध चालेल याची खात्री नाही. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि त्या पोरीने हे सगळं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. तुझ्याकडूनही म्हणवून घेतलं असणार, पण तुझं लक्ष शाळेत तरी कुठे होतं.

मग अर्धवट घेतलेल्या औषधांनीच जंतू असे निर्ढावतात म्हणत त्यांनी विचारलं, कान कधीपासून वाहतोय, औषध काय घेतलं. मी तुझा पाढाच वाचला. बारा वर्षं खाणीच्या धुळीत ट्रक चालवतोय, कान वाहिला की दुकानातून चार कॅप्सूल आणतो, दोन घेतल्या आणि कान सुकला की उरलेल्या सीटखाली टाकतो, पुढच्या वेळी त्याच काढतो. अगदी तावातावाने सांगितलं. माझ्या कपाटातल्या बिस्किटांच्या डब्याचं मात्र नाव काढलं नाही. तुला माहीत आहे तो डबा. घरात कुणाचंही औषध उरलं की फुकट कशाला घालवायचं म्हणून मी त्यात ठेवते, वर चिठ्ठी लावते, ताप, दाढ, पोट. अर्धी आळी माझ्याकडून गोळ्या नेते आणि मला त्याचा अभिमान. चतुर्थीला तुझा कान ठणकला तेव्हा मी तुला त्यातल्याच तीन दिल्या, आमच्या नारायणच्या दाढेच्या उरलेल्या. कसल्या होत्या, मला आजही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी मी परत गेले आणि बाईंना हेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं लिहून घेतलं. मला वाटत होतं त्यांनी चांगलं झापावं.

आता शनिवारचं. तू तिखल्यासाठी येत नाहीयेस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. रविवारी तुझ्या लेकीचा, सुलोचनेचा साखरपुडा. मुलाच्या वडिलांना, डिचोलीच्या बाबुरावांना, तू टायफॉइड म्हणून सांगायला लावलंस, कारण डोक्याचं दुखणं कळलं तर ते म्हणतील यांच्या घरात वेड आहे. डोक्यावरचे टाके दिसू नयेत म्हणून टोपी घालून बसायचं, हेही ठरवलंस. यशोदा रडत रडत त्या टोपीसाठी माप घेत होती. मी इतकी वैतागले की तिलाच ओरडले, बिचारीचा काही दोष नसताना.

म्हणून हे पत्र. आज सकाळी मी सुलोचनेला घेऊन डिचोलीला गेले आणि बाबुरावांना सगळं सांगितलं. पू, भोक, बेचाळीस दिवस, माझ्या गोळ्या, सगळं. त्यांच्या बायकोने हातातला चहा अर्धाच खाली ठेवला. रविवारचा साखरपुडा होणार नाही असं मीच सांगितलं, आणि सुलोचना त्यांच्या तोंडावर म्हणाली की बाबा बरे होऊन घरी आल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही. कळवतो म्हणाले. कळवतील असं मला वाटत नाही. पोरगी म्हापशापर्यंत खिडकीबाहेर बघत होती, मग माझा हात धरून बसली. मी तिचं स्थळ मोडलं असेन तर जन्मभर माझ्याशी बोलू नकोस, माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस, मी ते सोसेन. पण शनिवारी घरी यायला तुला आता काही निमित्त उरलेलं नाही. अजून बावीस दिवस हातातली सुई काढू देऊ नकोस.

तुझीच,
बाय