दर माणसाले नवी सुई

२ जुलै २००६
बाभुळगाव सुटलं एकदाचं! महागावजवळच्या तांड्यावर कंपाउंडर झालो. डॉक्टर फक्त बाजाराच्या दिवशी येतात. बाकी दिवस डॉक्टर नौशाद म्हणजे मीच. माह्या बायकोले, तमन्नाले, तिसरा महिना लागला. खोलीत नळ आहे म्हणून ती भलती खूश. तांड्याचे नायक खेमसिंग यायनं आल्याआल्या बजावलं, गोळ्या देशीन तर कोणी फिरकणार नाही, सुई पाहिजे.

१९ ऑगस्ट
कापसाच्या पऱ्हाटीवर फवारणी चालू. आंग दुखते म्हणून रोज तीस-चाळीस जणं बाही वर करून रांगेत. डॉक्टरनं शिकवलं तसंच करतो: दर माणसाले सुई नवी, सिरींज तीच. तमन्नाची कंबर धरली, तिलेही दिली. रोज रांगेत येणारी लालीबाई म्हणे, पोराच्या हाताले गुण आहे. लाजलो, पण बरं वाटलं.

८ नोव्हेंबर
लालीबाईचे डोळे हळदीवानी पिवळे. रांगेतल्याच सुखीबाईचे, राजकुमारचेही. लोक म्हणे, फवाऱ्याचं जहर असन. नायकानं चुन्याच्या पाण्यात सगळ्यायचे हात धुऊन कावीळ उतरवली. पाणी पिवळं झालं, लोक खूश. मीही खूश.

१५ नोव्हेंबर
कापूस वेचता वेचता लालीबाई पडली. रक्तातली साखर अडतीस, सत्तरच्या खाली जाले नको. गुळाचं पाणी पाजलं, उठली. दोन तासानं पुन्हा पडली. डॉक्टरचं जाडं पुस्तक उघडलं. विषाणू यकृताच्या पेशीत घुसते. पेशी मरत नाही, त्याची चाकरी करते. त्याच्यासाठी राबते, चरबी साठवते. यकृत थकलं की उपाशी आंगाले साखर देणं बंद. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. अन् हा विषाणू पसरते रक्तातून. नव्या सुईनं काय होते? रक्त सिरींजीत राहते. माह्या सिरींजीत.

१७ नोव्हेंबर
लालीबाई गेली. चारचौघांत सांगितलं, मीच मारलं तिले. कोणी मानत नाही! खेमसिंग म्हणे, दुःखानं डोकं फिरलं तुहं. दुपारी सत्तावीस जणं दारात, बाह्या वर. काविळीवर सुई मागून राह्यले. डॉक्टरचा फोन बंद.

२० नोव्हेंबर
तमन्नाचे डोळे — नाही, खोलीत उजेडच कमी.
अंगणात नेलं. पिवळेच.

२१ नोव्हेंबर
साखर एकतीस. ग्लुकोज पाजलं, साठ. मंग पुन्हा चौतीस. मलेच म्हणते, एक सुई द्या, बरं वाटन. मलेच!

२२ नोव्हेंबर, सकाळ
दवाखान्यात न्याले जीप सांगितली, आली नाही. ती गिळत नाही आता. ग्लुकोज शिरेतूनच — नवी सिरींज आहे, पाकीट बंद, नवीच आहे, तीनदा पाहिली — माहा हात उचलल्या जात नाही — पोटात पोर हालते — पाकीट दातानं फाडलं — तमन्ना, माफ कर, हात धर माहा, तूच ने शिरेवर —